युनिक्सच्या आवृत्त्या : आवृत्तिभेदाच्या चिकित्सेतील काही प्रश्न

ग्रंथाच्या संदर्भात ‘आवृत्ती’ हा शब्द इतका परिचयाचा आहे की त्याचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता सहसा कोणाला वाटत नाही. एकदा छापलेला ग्रंथ लेखकाने पुन्हा हाती घेतला, काही भर घातली, काही गाळले, काही सुधारले आणि तो पुन्हा छापून घेतला, म्हणजे त्याची दुसरी आवृत्ती झाली. संगणकाच्या संचालन-प्रणालीला, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिला, हाच शब्द लावला जातो तेव्हा तो त्याच निःशंक मनाने स्वीकारला जातो. तथापि ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडला की त्याची संहिता स्थिर होते. प्रणाली ही रोज चालवली जाणारी आणि रोज बदलणारी वस्तू आहे. अशा वस्तूची आवृत्ती म्हणजे नेमके काय, आणि दोन आवृत्त्यांतील भेद सांगताना अभ्यासक कशाची तुलना कशाशी करीत असतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. या प्रश्नाचे विवेचन युनिक्स या प्रणालीच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युनिक्सचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत झाला. मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी संयुक्त प्रकल्पातून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन टॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर एका साध्या प्रणालीची मांडणी केली. डेनिस रिची आणि इतर सहकारी या कामात त्यांच्यासोबत होते. पुढे हे काम पीडीपी-११ या यंत्रावर नेण्यात आले. या प्रणालीच्या इतिहासात पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची, दुसरी जून १९७२ ची, तिसरी फेब्रुवारी १९७३ ची, चौथी नोव्हेंबर १९७३ ची, पाचवी जून १९७४ ची, सहावी मे १९७५ ची आणि सातवी जानेवारी १९७९ ची, असा क्रम दिला जातो. त्यानंतर आठवी, नववी आणि दहावी या आवृत्त्या १९८५ ते १९८९ या काळात झाल्या. पाठ्यपुस्तकांतून ही नामावळी एखाद्या राजवंशाच्या वंशावळीप्रमाणे येते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीने आधीच्या आवृत्तीची उणीव भरून काढली असा एक चढता क्रम वाचकाच्या मनात तयार होतो.

या समजुतीला पहिला छेद खुद्द या तारखाच देतात. त्या प्रणालीच्या तारखा नाहीत. त्या प्रणालीसोबत असलेल्या प्रोग्रामरांच्या मार्गदर्शिकेच्या तारखा आहेत. ‘पहिली आवृत्ती’ म्हणजे मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती होय. मार्गदर्शिका छापली जात असे, तिच्यावर दिनांक घातला जात असे आणि तिचा क्रमांक लावला जात असे. प्रणाली मात्र कोणत्याही दिवशी ‘पूर्ण’ झाली असे जाहीर होत नसे. तिचे कर्ते तीच प्रणाली रोज वापरीत होते आणि वापरता वापरता बदलीत होते. बाहेरच्या कोणा संस्थेने प्रत मागितली तर त्या घटकेला यंत्रावर जे असेल ते टेपवर उतरवून पाठवले जाई. एकाच आवृत्तीची म्हणून समजली गेलेली दोन टेप दोन भिन्न महिन्यांत निघालेली असली तर त्यांतील संहिता तंतोतंत सारखी असेलच अशी खात्री देता येत नाही. थोडक्यात, मार्गदर्शिका हा वाहत्या नदीकाठी रोवलेला मैलाचा दगड होता. त्या दगडावरचा आकडा पुढे नदीलाच देण्यात आला.

प्रणालीचे कर्ते स्वतः तिची गणना कशी करीत होते, हे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रिची आणि टॉम्पसन यांचा युनिक्सवरील प्रसिद्ध निबंध जुलै १९७४ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मासिकात आला. त्यात युनिक्सची तीन रूपे झाली असे म्हटले आहे. तोच निबंध सुधारून १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या तांत्रिक नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध झाला. तेथे रूपांची संख्या चार दिली आहे. त्या वेळेपर्यंत मार्गदर्शिकेच्या मात्र सहा आवृत्त्या निघून गेल्या होत्या. हा हिशेबातील घोटाळा नव्हे. ही गणना वेगळ्या तत्त्वावर केलेली आहे. कर्त्यांच्या दृष्टीने प्रणालीचे रूप ठरत होते ते ती कोणत्या यंत्रावर उभी होती यावरून: पीडीपी-७ वरील मूळ रूप, स्मृतिसंरक्षण नसलेल्या पीडीपी-११/२० वरील दुसरे रूप, त्याच कुळातील अधिक समर्थ यंत्रांवरील तिसरे आणि पीडीपी-११/७० व इंटरडेटा ८/३२ या यंत्रांवरील चौथे. पहिल्या रूपाला मार्गदर्शिकेच्या गणनेत क्रमांकच नाही, कारण त्या काळी क्रमांक घातलेली मार्गदर्शिका नव्हती. पीडीपी-११ वरील प्रणाली फेब्रुवारी १९७१ मध्येच चालू झाली होती, तर मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती त्या वर्षाच्या नोव्हेंबरातील आहे. म्हणजे ‘पहिली’ आवृत्ती हा आरंभबिंदू नसून आरंभानंतरची पहिली नोंद आहे.

या दोन निबंधांतील आणखी एक भेद नमूद करण्याजोगा आहे. १९७४ च्या पाठात सुमारे ४० ठिकाणी ही प्रणाली बसवली गेल्याचा उल्लेख आहे. १९७८ च्या पाठात हा आकडा ६०० च्या वर गेलेला आहे. जून १९७२ च्या मार्गदर्शिकेत तो अवघा १० होता. आज ग्रंथसूचींत हे दोन्ही निबंध एकाच नावाने आढळतात, आणि अभ्यासक अनेकदा एकाचे वर्ष देऊन दुसऱ्यातील मजकूर उद्धृत करतात. ज्या निबंधात प्रणालीच्या रूपांची चर्चा आहे त्याच निबंधाचे दोन पाठ आहेत आणि त्यांकडेच दुर्लक्ष होते, ही गोष्ट या क्षेत्रात आवृत्तिचिकित्सा किती अपुरी आहे याचे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न नवखा वाटण्याचे कारण नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठांचे शुद्धीकरण केले, तेव्हापासून पाठ आणि प्रत यांतील भेद मराठी विद्येच्या नजरेसमोर आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांनी हे स्पष्ट केले होते की उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जुने रूप निश्चित करणे एवढेच संपादकाच्या हाती असते. मूळ कर्त्याच्या हातची प्रत पुन्हा निर्माण करता येते असा दावा त्याने करू नये. युनिक्सच्या इतिहासकारांनाही हाच संयम पाळावा लागतो. एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. काव्याच्या पाठाची कसोटी अर्थ, छंद आणि प्रतींची साक्ष यांवर लागते. प्रणालीच्या पाठाला याखेरीज आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे तो पाठ यंत्रावर चालतो की नाही. ही कसोटी कठोर असली तरी निर्णायक नाही, कारण एखादा पाठ अयोग्य कारणानेही चालू शकतो.

सहाव्या आणि सातव्या आवृत्त्यांतील काही पाठभेद या दृष्टीने तपासून पाहावे. पहिला भेद केवळ लेखनाचा वाटेल असा आहे. सहाव्या आवृत्तीची संहिता ज्या सी भाषेत लिहिली आहे तिच्यात एखाद्या संख्येत भर घालून ती पुन्हा त्याच जागी ठेवण्याची क्रिया लिहिताना बरोबरचे चिन्ह आधी आणि अधिक चिन्ह नंतर येई. वजाबाकीच्या बाबतीत यातून संदिग्धता निर्माण होई: बरोबरच्या चिन्हानंतर उणे चिन्ह आले तर ‘एक वजा करा’ असे म्हणायचे आहे की ‘उणे एक ही संख्या ठेवा’ असे, हे रिकाम्या जागेवर अवलंबून राही. पुढे चिन्हांचा क्रम उलटण्यात आला आणि कर्निगहॅन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथाने नवा क्रम रूढ केला. आजच्या वाचकाने सहाव्या आवृत्तीतील ओळ आजच्या व्याकरणाने वाचली तर तो चुकीचा अर्थ घेईल. येथे प्रणालीच्या वर्तनात फरक पडलेला नाही. भाषा बदलली आहे. हा भेद प्रणालीचा विकास म्हणून नोंदवणे सयुक्तिक ठरणार नाही.

दुसरा भेद यंत्राच्या मर्यादेतून आलेला आहे. पीडीपी-११ या यंत्राचा शब्द १६ बिटांचा. फाइलमध्ये विशिष्ट ठिकाणी जाण्यासाठी जी ‘सीक’ नावाची क्रिया होती तिला दिलेली संख्या या १६ बिटांत मावणे भाग होते. साहजिकच ६५,५३५ च्या पुढील स्थान तिला एका दमात सांगता येत नसे. म्हणून सहाव्या आवृत्तीत एक युक्ती होती: अंतर मोजण्याची रीत सांगणाऱ्या अंकात तीन मिळवले की दिलेली संख्या ५१२ ने गुणली जाई. सातव्या आवृत्तीत दीर्घ पूर्णांक वापरणारी ‘एलसीक’ ही क्रिया आली आणि ही युक्ती अनावश्यक झाली. नावातील ‘एल’ हे अक्षर ‘लाँग’ या शब्दाचे, म्हणजे दीर्घ पूर्णांकाचे, निदर्शक आहे. पुढे दीर्घ पूर्णांक हा अपवाद न राहता नियम झाला, तरी हे अक्षर आजतागायत टिकून आहे. ज्याला सहावी आवृत्ती ठाऊक नाही त्याला या नावाचा उलगडा होत नाही. पाठभेद हा केवळ भूतकाळाचा विषय नसून वर्तमान संहितेच्या आकलनाचे साधन आहे, हे यावरून दिसून येईल.

तिसरा भेद सर्वांत मोलाचा आहे. सहाव्या आवृत्तीत एका प्रक्रियेकडून दुसऱ्या प्रक्रियेकडे नियंत्रण सोपवणाऱ्या भागात एक टीप आहे. वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, असा तिचा आशय. ही टीप पुढे फार गाजली आणि पुष्कळांनी तिच्यात अहंकार पाहिला. रिची यांनी नंतर खुलासा केला की हा भाग परीक्षेत विचारला जाणार नाही अशा भावनेने ती लिहिली होती. आणि खरी अडचण ही की तो भाग स्वतः कर्त्यांनाही नीट उमगलेला नव्हता. त्या भागात एका कार्यात जतन केलेल्या स्थितीवर दुसऱ्याच कार्यातून परतण्याची पद्धत वापरली होती. पीडीपी-११ चा कंपायलर प्रत्येक कार्यात स्थिती एकाच रीतीने जतन करीत असल्यामुळे हे खपून जाई. प्रणाली इंटरडेटा यंत्रावर नेताना तेथील कंपायलरची रीत कार्यागणिक बदलत असल्याचे दिसले, आणि मूळ मांडणीतील दोष उघडा पडला. सातव्या आवृत्तीत हा भाग नव्याने लिहावा लागला.

वर म्हटलेल्या ‘चालणारा पाठ’ या कसोटीची मर्यादा येथे दिसते. सहाव्या आवृत्तीतील तो भाग वर्षानुवर्षे निर्वेध चालत होता आणि तरीही सदोष होता. सातव्या आवृत्तीने त्यात जो फरक केला तो प्रणालीचे गुण वाढवणारा नाही, कारण वापरणाऱ्याला तो जाणवणारही नाही. तो कर्त्यांच्या आकलनात पडलेला फरक आहे. आवृत्तिभेदांची जी कोष्टके सर्वत्र आढळतात त्यांत सातव्या आवृत्तीचे वैशिष्ट्य म्हणून बोर्न यांचा शेल, ऑक आणि मेक ही साधने, फाइलींचा वाढलेला आकार यांची नोंद असते, आणि ती योग्यही आहे. परंतु अशा कोष्टकात या भेदाला स्थान मिळत नाही. केवळ भर पडलेल्या वस्तूंची यादी म्हणजे आवृत्तीची चिकित्सा नव्हे, हे यावरून मान्य करावे लागते.

सहाव्या आवृत्तीला अभ्यासाच्या जगात जे मानाचे स्थान मिळाले त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका भाष्यकाराकडे जाते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी या आवृत्तीच्या कर्नलची सुमारे ९,००० ओळींची संहिता एका खंडात आणि तिच्यावरील भाष्य दुसऱ्या खंडात सिद्ध केले. संस्कृत टीकाकारांप्रमाणे लायन्स मूळ पाठ समोर ठेवून त्याच्या अनुषंगाने चालतात, कठीण स्थळी थांबतात आणि प्रसंगी मूळ कर्त्याशी मतभेदही नोंदवतात. भाष्याचा परिणाम असा झाला की मुळात प्रवाही असलेल्या प्रणालीचे एक रूप प्रमाण पाठ म्हणून स्थिर झाले. पुढे ‘सहावी आवृत्ती’ म्हणजे लायन्स यांनी छापलेला पाठ असेच समीकरण बनले. प्रत्यक्षात त्यांनी अध्यापनाच्या सोयीसाठी कर्नलमधील निवडक भाग घेऊन फाइलींचा क्रम स्वतः लावला होता. भाष्याने पाठ वाचवला, त्याचबरोबर पाठाचे रूपही ठरवले. टीकाग्रंथाच्या द्वारेच मूळ ग्रंथ ओळखला जावा हा अनुभव भारतीय वाङ्मयाला अपरिचित नाही.

यानंतर जे घडले त्याचा संबंध विद्यापीठीय अभ्यासाशी थेट येतो. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात तिची संहिता शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्यही केवळ परवानाधारकांपुरते मर्यादित राहिले, आणि विद्यार्थ्यांच्या हातोहात त्याच्या छायाप्रती, व छायाप्रतींच्या छायाप्रती, फिरत राहिल्या. मुद्रणाच्या युगात एखादा ग्रंथ हस्तलिखितासारखा पसरावा, ही घटना विलक्षण म्हटली पाहिजे. अखेर १९९६ मध्ये तो रीतसर प्रकाशित झाला. दरम्यान अॅमस्टरडॅम येथील अँड्र्यू टॅननबाउम यांनी वर्गात मोकळेपणाने शिकवता यावी म्हणून मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली लिहून १९८७ मध्ये ग्रंथासह प्रसिद्ध केली. सहाव्या आणि सातव्या आवृत्त्यांतील सर्वांत दूरगामी भेद कदाचित त्यांच्या संहितेत नाहीच. तो त्यांच्या परवान्यात आहे. एक आवृत्ती वाचता येत होती, दुसरी केवळ चालवता येत होती.

परवान्याने होणारा भेद पुढे व्यापारी प्रणालींत इतका वाढला की ‘आवृत्ती’ या शब्दाचा अर्थच पालटला. युनिक्सच्या आवृत्त्या कालक्रमाने एकामागून एक येतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजच्या आवृत्त्या एकाच वेळी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांतील फरक ग्राहकाच्या गरजेचा व किमतीचा असतो. १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० ही वर्कस्टेशन आणि सर्व्हर अशा दोन रूपांत विकली जात होती. अँड्र्यू शुल्मन आणि मार्क रसिनोविच यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की दोन्हींचा कर्नल एकच आहे. रजिस्ट्रीतील नोंदी पाहून तो प्रारंभी आपण कोणत्या रूपात वागायचे हे ठरवतो. पुढे विंडोज व्हिस्टाच्या एकाच तबकडीवर अनेक आवृत्त्या साठवलेल्या असत, आणि कोणती उघडायची ते ग्राहकाने दिलेल्या उत्पादन-किल्लीवरून ठरे. येथे पाठ एकच आहे. भेद आहे तो वाचण्याच्या अधिकाराचा. अशा आवृत्त्यांची तुलना करताना ‘यात काय आहे’ असे विचारणे अपुरे होय. ‘यात असूनही काय मिळत नाही’ हेही विचारले पाहिजे. कालक्रमिक आवृत्ती आणि व्यापारी आवृत्ती या दोहोंना एकच शब्द लावल्याने जो गोंधळ होतो तो टाळण्यासाठी पहिलीला ‘पाठ’ आणि दुसरीला ‘प्रकार’ म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

अशा सूक्ष्म चिकित्सेचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जाणे शक्य आहे. जुन्या प्रणाली आज कोणी व्यवहारात वापरीत नाही. मग त्यांचे पाठभेद शोधून काय साधणार? याचे एक उत्तर न्यायालयाच्या इतिहासात मिळते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेविषयी १९९२ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा मुख्य प्रश्न हाच होता की कोणत्या ओळी कोणत्या पाठातून आल्या. १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या. पाठांची वंशावळ हा तेथे पांडित्याचा विषय राहिला नव्हता. एका विद्यापीठाच्या अनेक वर्षांच्या श्रमाचे स्वामित्व त्यावर अवलंबून होते.

दुसरे उत्तर संशोधनाच्या प्रामाणिकपणाशी निगडित आहे. २००२ मध्ये कॅल्डेरा या कंपनीने जुन्या आवृत्त्यांची संहिता खुल्या परवान्याखाली दिली आणि अभ्यासकांना त्या मोकळेपणाने पाहता येऊ लागल्या. २००८ मध्ये पहिल्या आवृत्तीचा कर्नल १९७२ च्या एका छापील प्रतीवरून पुन्हा उभा करण्यात आला. मात्र त्याच्या जोडीला लागणारे काही प्रोग्राम नंतरच्या टेपांवरून घ्यावे लागले. २०२५ मध्ये यूटा विद्यापीठात चौथ्या आवृत्तीची एक टेप सापडली आणि ती वाचण्यात यश आले. तोपर्यंत ज्या आवृत्तीत कर्नल प्रथम सी भाषेत लिहिला गेला तिची ओळख मुख्यतः मार्गदर्शिकेवरूनच होती. आज कोणी ‘पहिली आवृत्ती चालवून पाहिली’ असे लिहितो तेव्हा तो एका संपादित, संमिश्र पाठाविषयी बोलत असतो. असा पाठ तयार करणे दोषास्पद नाही. तो संमिश्र आहे हे न सांगणे दोषास्पद आहे.

तेव्हा आवृत्तिभेदाच्या अभ्यासाने निदान तीन गोष्टी पृथक् ठेवल्या पाहिजेत: मार्गदर्शिकेचा क्रमांक व दिनांक, ज्या टेपवरून वा छापील प्रतीवरून संहिता घेतली तिचा निर्देश, आणि ज्या यंत्रासाठी ती संहिता होती त्याचे नाव. व्यापारी प्रकारांच्या बाबतीत परवान्याची अट ही चौथी गोष्ट जोडावी लागेल. एवढे पथ्य पाळले तर ‘सहाव्या आवृत्तीत अमुक होते’ या विधानाला निश्चित अर्थ येईल. ते न पाळल्यास अभ्यासक मार्गदर्शिका हातात धरून प्रणालीविषयी बोलत राहील, आणि त्याच्या विधानाची शहानिशा करण्याचा मार्ग पुढच्या संशोधकाला उरणार नाही.